कूर्मदासाचा निरोप



आजचं वाचन गीतेचा दुसरा अध्याय, श्लोक 58. कासव जसं आपले अवयव सगळ्या बाजूंनी आत ओढून घेतं, तसा जो आपली इंद्रियं विषयांपासून आवरून घेतो त्याची बुद्धी स्थिर झाली, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. स्थितप्रज्ञाची बाकीची लक्षणं डोक्याने समजून घ्यावी लागतात. हे एक डोळ्यांसमोर उभं राहतं. ज्ञानेश्वर माउली तर त्यात एक बारीकशी भर घालतात. कासव खुशीत असलं की अवयव पसरतं, आणि मनात आलं की आपलं आपण आवरून घेतं. ‘आपलं आपण’ हे दोन शब्द आज लक्षात ठेवा, पुढे लागतील.

इंद्रियसंयमावर उद्या बोलूच, कारण 59वा श्लोक त्याचाच पुढचा भाग आहे. आज मात्र ‘कूर्म’ हा शब्द वाचला आणि माझं मन सरळ पैठणला गेलं, कूर्मदासांकडे. श्लोकाचा आणि त्यांचा संबंध फक्त नावापुरता, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी मेसेज करेलच.

कूर्मदासांची गोष्ट तुमच्यापैकी ज्यांचं बालपण गावाकडे गेलंय त्यांनी कीर्तनात ऐकली असेल. पुण्या-मुंबईत वाढलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. महिपतीबुवांच्या ‘भक्तविजया’त, म्हणजे 1762 सालच्या ग्रंथात, ही कथा आहे. पैठणचा एक भक्त. जन्मतःच हातपाय नाहीत. एकदा कीर्तनात त्याने पंढरीचं वर्णन ऐकलं आणि जायचं ठरवलं. कशावर बसून नाही, कुणाच्या खांद्यावर नाही. सरपटत, लोळत. पैठण ते पंढरपूर आज गाडीनेही दोनशेच्या वर किलोमीटर पडतं. तो महिनोन् महिने चालत राहिला (चालत म्हणायचं, दुसरा शब्द नाही) आणि कुर्डुवाडीजवळ, माढा तालुक्यात, लऊळ नावाच्या गावापर्यंत आला. एकादशी तोंडावर आली होती. शरीर पार सोलवटलं होतं. पुढे सरकणं शक्य नव्हतं.

इथपर्यंतची गोष्ट सगळे कीर्तनकार रंगवून सांगतात. मग आवाज चढतो आणि पुढचं वाक्य ठरलेलं असतं: “त्याला हातपाय नव्हते तरी तो निघाला, आणि तुम्हाला सगळं देऊन तुम्ही घरात बसता?” मंडपात शांतता. दोन-चार जणांचे डोळे पाणावतात. टाळ वाजतात.

पण मंडळी, कूर्मदास पोचला का? नाही पोचला. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे अपंगत्वाच्या जितक्या कथा फिरतात त्या सगळ्यांचा शेवट ‘मात केली’ असा होतो. शिखर सर केलं, परीक्षा पास केली, पदक आणलं. आपल्या संतपरंपरेने मात्र जी कथा इतकी वर्षं जपून ठेवली तिचा नायक मुक्कामाच्या अलीकडेच थांबला आहे. आणि थांबल्यावर तो काय करतो? दर्शनाला निघालेल्या वारकऱ्यांना गाठतो आणि विठोबाला निरोप पाठवतो. मला आता येता येत नाही, तूच ये.

निरोपात हातपाय मागितलेले नाहीत. चमत्कार मागितलेला नाही. आपली अवस्था आहे तशी सांगितली आणि भेट मागितली. विठोबानेही ‘मागच्या जन्मी काय केलं होतंस’ असा हिशेब विचारल्याचं कुठे ऐकलं नाही. तो विटेवरून उतरला, नामदेव आणि ज्ञानदेवांना सोबत घेतलं, वाटेत अरणला सावता माळ्याला भेटला आणि लऊळला आला. लऊळला आजही कूर्मदासांचं मंदिर आहे. अरणची तर गंमतच आहे. बाकी संतांच्या पालख्या पंढरीला जातात, सावता महाराजांची जात नाही. उलट पांडुरंगाची पालखी दरवर्षी अरणला येते. म्हणजे कोण कुणाकडे चालत जायचं, हा प्रश्न वारकरी संप्रदायाने केव्हाच मोकळा ठेवलाय.

मला या कथेतली खरी ताकद त्या निरोपात दिसते. तो निरोप कूर्मदासाचा स्वतःचा होता. त्याच्या वतीने दुसरं कुणी बोललं नाही. वारकऱ्यांनी तो फक्त पोचवला, त्यात आपली भर घातली नाही. आणि ज्याने ऐकला तो ऐकून रडत बसला नाही, उठून निघाला.

आता हदगावचं सांगतो.

माझ्या आत्याचा जन्म 1968 चा. दीड वर्षाची असताना ताप आला, आणि ताप उतरला तेव्हा दोन्ही पाय लुळे पडले होते. पोलिओ. पल्स पोलिओ मोहीम सुरू व्हायला अजून पंचवीस वर्षं होती. (ती 1995 ला सुरू झाली, आणि देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 चा. तुमच्या-माझ्या पिढीला हा शब्द फक्त ‘दो बूंद’च्या जाहिरातीतून माहीत.) आजीला तेव्हा लोकांनी सांगितलं, मागल्या जन्मीचं आहे, भोगून संपू द्या. आजीने कुणाचं ऐकलं नाही. नांदेडला नेऊन लोखंडी पट्ट्यांचे बूट, म्हणजे कॅलिपर, करून आणले. आत्या शिवणकाम शिकली. पायाने चालणारी मशीन तिच्या कामाची नव्हती, म्हणून हाताने फिरवायची घेतली, पुढे तिला मोटर बसवली. हदगावातल्या किती नवऱ्या मुलींचे ब्लाउज तिच्या हातून गेले असतील, त्याचा हिशेब तिलाही नाही.

काही वर्षांपूर्वी एका सप्ताहात ती कीर्तनाला गेली होती. कथा हीच, कूर्मदासांची. बुवांची नजर पुढे खुर्चीत बसलेल्या आत्यावर गेली आणि त्यांनी तिलाच दाखवून सुरू केलं, बघा ही माउली, काय हिची जिद्द, हिच्या पाया पडा. लोक खरंच पाया पडले. एका बाईने तिच्या मांडीवर दहाची नोट ठेवली. बुवांच्या मनात वाईट काहीच नव्हतं, हे आत्याही मान्य करते. पण नंतर कितीतरी दिवस ती कीर्तनाला गेली नाही. मी कारण विचारलं तर म्हणाली, “अरे, मी कीर्तन ऐकायला गेले होते. कीर्तनात जायला नाही.”

या एका वाक्यावर मी बराच काळ विचार केलाय.

ऑस्ट्रेलियात स्टेला यंग नावाची पत्रकार आणि विनोदी कलाकार होती, चाकाच्या खुर्चीवरची. 2014 साली तिचं एक भाषण जगभर गाजलं. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की मी तुमची प्रेरणा व्हायला जन्माला आलेले नाही, आणि पायऱ्यांकडे बघून कितीही हसलं तरी त्या पायऱ्यांचा उतार होत नाही. हदगावच्या आत्याने स्टेला यंगचं नावही ऐकलेलं नाही. तरी दोघींचं दुखणं एकच निघालं. आपल्याला कुणाची तरी गोष्ट ऐकून बरं वाटतं, आपल्या आयुष्याबद्दल समाधान वाटतं, आणि आपण घरी जातो. जिची गोष्ट होती ती पायऱ्यांखालीच राहते.

मग अशा गोष्टी सांगूच नयेत का? उलट. मी तर म्हणेन सांगायलाच हव्यात. फक्त कोण सांगतंय आणि कुणाला, एवढं बघायचं. माउलींचे ते दोन शब्द: आपलं आपण.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मचरित्र तुम्ही वाचलं नसेल तर या महिन्यात वाचा. सोळाव्या वर्षी कमरेखालचं शरीर लुळं पडलेली मुलगी. जगायचंच नाही, इथपर्यंत मन गेलेलं. अशा वेळी तिला बाबूकाका दिवाण भेटले. तेही तसेच, कमरेखाली संवेदना नसलेले, आणि तरी आपला व्यवसाय सांभाळणारे, स्वतः गाडी चालवणारे. तिच्या मनाची दिशा फिरली ती तिथे. पुढे त्यांनी शिक्षण पूर्ण केलं, केंद्रीय उत्पादन शुल्क खात्यात नोकरी केली, आणि 1984 साली सहकाऱ्यांसोबत ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. तिथून किती मुलं शिकून बाहेर पडली. सुरुवात बघा कुठून झाली: एका खुर्चीवरच्या माणसाने दुसऱ्या खुर्चीवरच्या मुलीशी बोलण्यापासून. धडधाकट माणसांनी तिला तोवर धीर दिला नसेल असं थोडंच आहे? धीर सगळेच देतात. पण ‘गाडी अशी चालवायची’ हे फक्त बाबूकाकाच दाखवू शकत होते.

आत्याकडेही एकदा असंच झालं. शेजारच्या खेड्यातली एक बाई आपल्या पोरीला घेऊन आली, शिवण शिकवा म्हणून. पोरीच्या पायाचं तसंच होतं. मी तेव्हा सुट्टीला गावी होतो, ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसलो होतो, म्हणून सगळं कानावर पडलं. मला वाटलं आत्या आता तिला जिद्दीच्या चार गोष्टी सांगेल. एक नाही सांगितली. तिने तिला विचारलं, “पडतीस का गं?” पोरगी लाजली, मग हो म्हणाली. आत्या म्हणाली, “पडायचंच असतंय. कामून लाजतीस? पण हात टेकून पडू नको, मनगट जातं. कुशीवर पड. मी दावते.” आणि त्या बाईने, माझ्या आत्याने, पन्नाशी उलटलेल्या, ओसरीवर गोधडी टाकून पडून दाखवलं. मग कॅलिपर दिवसातून किती वेळा काढायचं, पट्टा घासतो तिथे काय गुंडाळायचं, पावसाळ्यात लोखंडाला काय लावायचं, परगावी गेल्यावर लघवीची सोय आधी कशी विचारून ठेवायची, असं तासभर चाललं. पोरगी पहिल्यांदा हसली ती ‘कुशीवर पड’ला. तिची आई मात्र पदर डोळ्याला लावून बसली होती. रडण्यासारखं काय होतं ते आत्याला कळेना. मला कळलं. त्या आईला आजवर सगळ्यांनी ‘देव बघून घेईल’ म्हटलं असणार, आणि इथे पहिल्यांदा कुणीतरी नीट, कामाचं सांगत होतं.

ती पोरगी आता नांदेडला नोकरी करते. यात आत्याचा वाटा किती आणि तिच्या आईचा किती, ते मला मोजता येत नाही.

नांदेडवरून आठवलं. 28 ऑगस्ट 2024 ला पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात भारताचा झेंडा दोघांच्या हातात होता, भालाफेकपटू सुमित अंतिल आणि गोळाफेकपटू भाग्यश्री जाधव. भाग्यश्री आपल्या नांदेड जिल्ह्याची, मुखेड तालुक्यातल्या होनवडजची. त्याआधी ती टोकियोलाही खेळली होती. तेव्हा आपल्या सगळ्यांच्या ग्रुपवर व्हिडिओ फिरले, मागे जोरदार संगीत, वर अक्षरं ‘अपंगत्वावर मात’. अभिमान मलाही वाटला, का नाही वाटणार. पण ती ज्या एफ-34 गटात खेळते त्यात गोळा बसून फेकतात. ती बैठक पट्ट्यांनी जमिनीशी पक्की आवळलेली असते, म्हणजे जोर लावला की खेळाडू सरकत नाही. कुणीही तिला ‘आधी उभी राहा, मग बघू’ म्हणत नाही. बैठक पक्की केली, नियम तसे केले, आणि मग खांद्यात किती ताकद आहे ते मोजलं. मात कशावर झाली म्हणायची? माझ्या मते ‘उभं राहूनच फेकायचं’ या हट्टावर.

आपल्याच परंपरेतलं याचं सुंदर उदाहरण म्हणजे अमरावती जिल्ह्यातल्या माधानचे गुलाबराव महाराज. जन्म 1881. नऊ महिन्यांचे असताना दृष्टी गेली. आयुष्य मिळालं उणंपुरं 34 वर्षांचं, 1915 पर्यंत. आणि त्यात शंभराहून अधिक ग्रंथरचना. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात, ते स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवत. बुद्धी आणि कृपा तर होतीच, पण कुणीतरी शेजारी बसून त्यांना ग्रंथ वाचून दाखवत होतं, ते सांगत तेव्हा कुणीतरी लिहून घेत होतं. ती वाचणारी माणसं, ते लिहिणारे हात. आरतीत त्यांचं नाव येत नाही, पण मला वाटतं विठोबाचं विटेवरून उतरणं म्हणतात ते हेच.

आमच्या धंद्यातलंही एक सांगतो, आयटीवाल्यांना पटेल. दृष्टिहीन माणसं कॉम्प्युटर वापरतात तो पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. त्यातलं एनव्हीडीए हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर 2006 साली ऑस्ट्रेलियात सुरू झालं आणि ते घडवणारे दोघेही, मायकेल करन आणि जेम्स टेह, स्वतः दृष्टिहीन. महागडं सॉफ्टवेअर परवडत नाही म्हणून इतरांनी सहानुभूती दाखवली असती. या दोघांना नेमकं काय ऐकू यायला हवं ते माहीत होतं. तुम्ही एकदा डोळे मिटून एनव्हीडीएवर आपलीच वेबसाइट उघडून बघा. ज्या बटनांना नाव द्यायचं राहिलंय तिथे ते नुसतं ‘बटन, बटन, बटन’ म्हणत जातं. व्हॉट्सॲपवर रोज सकाळी फिरणाऱ्या श्लोकाच्या फोटोचंही तेच, ‘फोटो’ यापलीकडे त्यांच्या हाती फारसं काही पडत नाही. श्लोक पाठवायचाच तर टाइप करून पाठवा. एवढं आजच करता येईल.

पंढरपूरच्या महाद्वारात नामदेव पायरी आहे. आमच्या हदगावपासून नर्सी नामदेव जवळच, हिंगोली जिल्ह्यात, म्हणून आम्हाला त्या पायरीचं विशेष प्रेम. संतांचे पाय लागावेत म्हणून नामदेवराय तिथे पायरी होऊन राहिले. आणि तिथेच समोर, बाहेर, चोखोबांची समाधी आहे, ज्यांना जातीमुळे कधी आत जाऊ दिलं नाही. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण केलं तेव्हा ते दार सगळ्यांसाठी उघडलं. दार उघडलं तरी ज्याला पायरी चढता येत नाही त्याचा प्रश्न शिल्लक आहेच. माहूरगडावर रेणुकामातेच्या पायऱ्यांशी मी अशी माणसं पाहिलीत, जी खालूनच हात जोडतात आणि घरच्यांना ‘तुम्ही या जाऊन’ म्हणतात. त्यांची भक्ती कमी आहे म्हणून ती खाली थांबलेली नसतात.

आमच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळाला चार पायऱ्या आहेत. मागच्या वर्षी जीर्णोद्धार झाला, लोकांनी सढळ हाताने वर्गणी दिली, संगमरवर बसला, त्यामुळे पायऱ्या आता पहिल्यापेक्षा गुळगुळीत झाल्या. मी मंडळाच्या काकांकडे उताराचा विषय काढला तर ते मनापासून म्हणाले, “कशाला बापू एवढा खर्च? चार पोरं हायेत की. आत्याला खुर्चीसगट उचलून नेतील.” मी हे आत्याला सांगितलं. ती मशीनवर काम करत होती, मान वर न करता म्हणाली, “उचलून न्यायला मी काय गव्हाचं पोतं हाय का? मला मनात येईल तवा जायचंय. पहाटं जायचंय, दुपारी कुणी नसताना जायचंय. आन् नाही वाटलं तर माघारी यायचंय.”

मला त्यात माउलींचं कासव दिसलं. मनात आलं की पसरायचं, मनात आलं की आवरायचं, आपलं आपण.

मी तिला म्हटलं, हे तूच काकांना सांग. ती म्हणाली, मी कशाला बोलू मोठ्या माणसांत. मग दोन दिवसांनी तिचाच फोन आला, “येऊ दे त्यांना घरी, च्या पाजते अन् सांगते.” काका गेले. चहा झाला. ती काय बोलली ते मला दोघांनीही सांगितलेलं नाही. काकांनी मला फोन करून एवढंच विचारलं की उताराचं माप काय असतं.

माप सोपं आहे. एक फूट चढायला बारा फूट लांबी, 1:12. आमच्या चार पायऱ्या सहा-सहा इंचांच्या, म्हणजे दोन फूट उंची, म्हणजे चोवीस फुटांचा उतार, मध्ये एक वळण आणि दोन्ही बाजूंना धरायला दांडी. डाव्या अंगाला ओट्याजवळ तेवढी जागा आहे, तिथे सध्या जनरेटर आणि चपलांचा ढीग असतो. मी आकृती काढून पाठवली आहे. संगमरवर नको, खरखरीत फरशी घ्या, हेही लिहिलंय. काकांचं उत्तर आलं की सप्ताहाच्या आत बघू. खर्चाचा अंदाज गवंड्याकडून यायचाय.

तुमच्या गल्लीतल्या, सोसायटीतल्या देवळाला किती पायऱ्या आहेत, आज दर्शनाला जाल तेव्हा मोजून मला कळवा. माप टाकून आकृती काढून देईन, त्याला काही पैसे लागत नाहीत. आणि खालून हात जोडणारं कुणी दिसलं तर आधी त्यांनाच विचारा, काय हवंय म्हणून. उतार नकोही असेल, नुसती दांडी हवी असेल.

उद्या 59वा श्लोक, उपाशी माणसाचे विषय सुटतात पण गोडी सुटत नाही, त्यावर.

राम कृष्ण हरी.